साडेपाच वर्षांच्या मुलीला शाळेत एकटी जाऊ द्यावी का? (राहणं फिस्प, स्वित्झर्लंड, सध्या मुक्काम आर्वी तालुका)

वर्धेकाठची

नमस्कार. लांब लिहिणार आहे, आधीच माफ करा. गावात रेंज फक्त जिन्याच्या वरच्या पायरीवर येते, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून टाकते. खाली पोरी आजीच्या मागं मागं गोठ्यात आहेत.

मी आर्वी तालुक्यातली. लग्नानंतर सहा वर्षं पुण्यात होतो आणि मागच्या वर्षीच्या एप्रिलपासून स्वित्झर्लंडमध्ये फिस्पला. नवरा तिथं औषधांच्या कारखान्यात आहे. गाव साडेसहाशे मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या चिखलदऱ्यापेक्षा खालीच. पण दोन्ही अंगांना डोंगर असे उभे आहेत की हिवाळ्यात ऊन उशिरा येतं आणि जेवणं आटोपेपर्यंत निघायलाही लागतं. आईला पहिल्यांदा व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाली, "विहिरीत राह्यता का वं तुमी?"

मुली दोन. थोरली साडेपाचची, धाकटी तीनची.

तिथं चार वर्षं पूर्ण झाली की दोन वर्षांचं किंडरगार्टन सक्तीचं. सरकारी असतं, फी नाही. सकाळी सोडा, जेवायला घरी आणा, काही दिवस दुपारी परत न्या. धाकटीला गाड्यात बसवून मी वर्षभर दिवसाला चार-चार खेपा केल्या. अंतर किती, तर सहाशे मीटर. मध्ये फिस्पा नदीचा पूल आणि एक झेब्रा क्रॉसिंग.

बाकीची पोरं एकटी जातात, नाहीतर दोघं-तिघं मिळून. सगळ्यांच्या गळ्यात चमकणारा त्रिकोणी पट्टा असतो, गाडीवाल्याला लांबून दिसावा म्हणून. पोलीस वर्गावर येऊन रस्ता ओलांडायला शिकवतात. "लुएगे, लोसे, लाउफे." बघ, ऐक, चाल. गाडीवाल्यानं हातानं 'जा' म्हटलं तरी जायचं नाही, चाक पूर्ण थांबलं की मगच पाय टाकायचा. थोरलीला हे पाठ आहे. मलाच टोकते, "आई, तू चाक नाही पाहिलंस."

मे महिन्यात बाईंनी भेटायला बोलावलं. म्हणाल्या, मुलगी छान रुळली आहे, ऑगस्टपासून दुसरं वर्ष लागेल, आता तिला तिचा रस्ता द्या. अगदी असंच म्हणाल्या, तिचा रस्ता. वाटेत पोरं भांडतात, मैत्री करतात, गोगलगाय बघत बसतात, आणि आई सोबत असली की यातलं काही होत नाही. मी मान हलवली, घरी आले आणि रडले.

इथं आल्यावर आईला हे सांगितलं. वाटलं आई म्हणेल, कायची मास्तरीण आहे बाप्पा ती! आई डवरणीच्या माणसांसाठी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुले कोन सोडाले येत होतं?"

खरं आहे. पाचवीपासून मी शेजारच्या गावी अडीच किलोमीटर चालत जात होते. मध्ये नाला. पावसाळ्यात दप्तर डोक्यावर घेऊन उतरायचो.

पण आईला माहीत नाही ते इथं लिहिते, कारण इथं मला कोणी ओळखत नाही. आठवीत असताना एक सायकलवाला पंधरा दिवस मागं यायचा. काही केलं नाही त्यानं. फक्त मागं यायचा, आणि पऱ्हाटी उंच झाली होती तिथं आला की शीळ घालायचा. मी कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याचं काही झालं नसतं, माझी शाळा बंद झाली असती. बाबांना म्हटलं, पाय दुखतात, एसटीचा पास काढून द्या. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट होता. दहावीपर्यंत एसटीनं गेले. पाय दुखत नव्हते.

आता सांगा, मी त्या पुलावर उभी राहून पोरीकडे बघते तेव्हा मला कोणता रस्ता दिसत असेल?

दुसरी गोष्ट भाषेची. दोघी बहिणी आपसात आता तिथलीच बोली बोलतात. जर्मन म्हणावी तर ती पुस्तकातली नाही, वालिस या आमच्या प्रांताची वेगळीच आहे. झ्युरिकच्या माणसालाही ती नीट कळत नाही म्हणे. डोंगरातली भाषा असल्यामुळे वर जायला एक शब्द, 'एम्ब्रूफ', आणि खाली यायला दुसरा, 'एम्ब्री'. परवा धाकटी वावरात उभी राहिली. चारी बाजूंना सोयाबीन आणि तूर. तिनं आबाजींना विचारलं, "एम्ब्रूफ कुठे आहे?" माझ्या बाबांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं. त्यांना शब्द कळला नव्हता, तिचे वर केलेले हात कळले. पण असं किती दिवस चालेल? पुढच्या वर्षी ती खांद्यावर मावणार नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात परत जायचं आहे. डोंगरातल्या गावी मुली वाढवलेल्या कोणी असतील तर सांगा. सल्ला नको असं नाही, पण घडलेलं सांगितलंत तर जास्त आवडेल.

अकोटची माय, इन्सब्रुक

ताई, माझ्या मुली आता पंधरा आणि बाराच्या आहेत, अकरा वर्षं झाली इथं ऑस्ट्रियात. तुमचं वाचून भाजी करपली.

रस्त्याचं आधी. मी पहिले दोन महिने झाडाआडून मागं जात होते. एकदा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी मला झुडपात पकडलं आणि विचारलं, काही हरवलं का. त्या दिवसापासून बंद केलं. तुम्ही टप्प्यानं करा: आधी पुलापर्यंत सोबत, मग क्रॉसिंगच्या अलीकडेपर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. वाटेत राहणाऱ्या एका मुलीशी जोडी लावून द्या. ऑगस्टमध्ये सुरू केलंत तर अंधार पडायच्या आत सवय होईल. डिसेंबरमध्ये सकाळी शाळेला निघायच्या वेळी अंधुकच असतं, तेव्हा सुरू करू नका.

सायकलवाला मलाही होता. माझा अकोटच्या बसस्टँडवर उभा राहायचा. मुलींना मी रस्ता ओलांडायला फार शिकवलं नाही, ते शाळेनं केलं. मी एकच गोष्ट बजावली. कोणी काही बोललं, मागं आलं, हात लावला, तर घरी येऊन सांगायचं. सांगितल्यामुळे तुझं बाहेर जाणं बंद होणार नाही. हे वर्षातून दोन-तीनदा म्हणायचे. थोरली बाराची असताना ट्राममध्ये एक प्रकार झाला. तिनं घरी येऊन सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ट्रामनं गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही, ती मात्र घोरत होती.

भाषेचं. माझी एक चूक सांगते, तुम्ही करू नका. मला जर्मन येत नव्हतं तेव्हा मी थोरलीला सगळीकडे दुभाषी म्हणून नेत होते. बँक, पालकसभा, दुकान. ती आठ वर्षांची असताना डॉक्टरकडेही नेलं. डॉक्टरीणबाई बोलत होत्या गर्भपिशवीतल्या गाठीबद्दल, आणि आठ वर्षांची पोर मला मराठीत सांगत होती. तिला 'गर्भपिशवी' शब्द येत नव्हता. "आई, तुझ्या पोटात बाळाची खोली असते ना, तिथं काहीतरी आहे." घरी येऊन दार लावून बसली. तिला वाटलं मी मरणार. पुढच्याच सोमवारी मी जर्मनच्या वर्गाला नाव घातलं. तुम्ही आधी घाला. आई अडाणी दिसली की मुली आईची भाषाही अडाणी समजायला लागतात, हे मी दोन वर्षं बघितलंय.

मराठीसाठी मी काय काय केलं त्यात फसलेलंच जास्त आहे. बाराखडीचे तक्ते आणले, भिंतीवरच राहिले. चाललं ते भुलाबाईचं. भाद्रपदातल्या पौर्णिमेला मातीचे भुलोजी-भुलाबाई मांडायचे आणि कोजागिरीपर्यंत रोज नाही तरी दर शनिवारी मुलींना बोलवायचं. खेळण्याची माती दुकानात मिळते, रंग पोरी देतात. गाणी मला जेवढी येतात तेवढी. पण खिरापत ओळखायचा खेळ इथल्या पोरींना वेड लावून गेला. डबा हलवायचा, आवाजावरून ओळखायचं. शेंगदाणे, लाह्या, खोबरं. ओळखायचं ते मराठीतच, हा माझा नियम. आता वर्गातल्या चार टिरोली पोरींना 'मुरमुरे' म्हणता येतं.

आणि ५ डिसेंबरला संत निकोलसबरोबर क्रांपुस येतो, शिंगांचा, केसाळ, साखळ्या वाजवत. तुमच्या वालिसकडे कसा असतो ठाऊक नाही. इथं पोरं किंचाळतात. माझ्या धाकटीनं नागपूरला मारबतीची मिरवणूक बघितली होती. तिनं त्याला खालून वर निरखलं आणि म्हणाली, "याला कधी जाळतात?"

दारव्हेकर, कूर

मी स्वित्झर्लंडमध्येच आहे, ग्राउब्युंडनमध्ये. ताई, जास्त विचार करता. इथं काही होत नाही. जाऊ द्या बिनधास्त.

खरी काळजी दुसऱ्या गोष्टींची घ्या. एक, ऊन. थंडी आहे म्हणून ऊन लागत नाही असं वाटतं, पण दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली बरीचशी वर फेकतो. आपण सावळे म्हणून चालून जातं हा गैरसमज. माझ्या मुलीचे गाल पहिल्याच फेब्रुवारीत सोलवटले होते. क्रीम आणि काळा चष्मा, दोन्ही. दुसरं, हिवाळ्यात 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब, मुलांच्या डॉक्टरांना विचारून. तिसरं, गोचीड. आपल्याकडे गुरांना असतात तसलीच, पण इथली चावली तर मेंदूचा ताप येऊ शकतो. त्याची लस आहे, तीही डॉक्टरांना विचारा. दुसरा एक आजार पसरतो त्याला लस नाही, म्हणून गवतातून आल्यावर गुडघ्यामागं, काखेत, जांघेत, केसांत रोज बघायचं. दिसली की चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ ओढायची. तेल-रॉकेल लावायचं नाही, आपल्याकडे लावतात तसं.

फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी दुपारी दीडला देशभर भोंगे वाजतात. चाचणी असते. मुलींना आधी सांगून ठेवा, आम्ही सांगितलं नव्हतं आणि बायको पलंगाखाली गेली होती.

अकोटची माय, इन्सब्रुक

दारव्हेकर दादा, गोचिडाचं चांगलं सांगितलंत. पण "इथं काही होत नाही" हे तुम्ही कोणत्या आधारावर म्हणता? त्यांनी सायकलवाल्याचं लिहिलंय ते वाचलंत का?

दारव्हेकर, कूर

वाचलं. उत्तर काय द्यावं सुचलं नाही म्हणून उन्हाचं लिहिलं.

मोर्शीची आजी (नातू लिहून देत आहे)

मी सांगतो अन् हा लिहिते. माह्या मोठ्या पोराच्या दोन पोरी अमेरिकेत हायेत, कोलोराडो म्हन्ते, डोंगराच्या अंगाले. फोन लावला का "हाय आजी" म्हनत अन् पयत. दोन वर्सं असंच चाललं. मंग एक दिवस मले आला राग. मी तो फोन नेला अन् कोंबडीच्या खुराड्यात धरला. तवापासून रोज त्याहीचाच फोन येते. कोंबडीनं अंडं देल्लं का, मांजर आली होती का. पिल्लाईची नावं त्याहीनंच ठेवली, इंग्लिश नावं हायेत, मले घेता येत नाई. मी आपली लंगडी म्हनतो एकीले. त्या बी आता लंगडीच म्हनतात.

म्हून सांगतो माय, पोरीले "जेवली का, झोपली का" इचारनं सोडा.

रिटायर मास्तर, कारंजा (घाडगे)

बेटा, सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली. दोन गोष्टी सांगतो.

पहिली. तुझ्याकडे अजून चार आठवडे आहेत आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेर उघडतात, म्हणजे आत्ता नुकत्या सुरू झाल्यात. गावच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना विनंती कर, थोरलीला पहिलीच्या वर्गात बसू दे. हजेरीवर नाव नको, पाहुणी म्हणून. आमच्या वेळी मामाच्या गावी आलेली पोरं अशीच बसायची, कोणी हाकलत नसे. धाकटीला अंगणवाडीत. तू दहा महिने शिकवशील तेवढं मराठी तिथं पंधरा दिवसांत येईल, कारण तिथं खिचडी वाढताना मागून घ्यावी लागते. शिव्याही दोन-चार येतील, त्याची तयारी ठेव.

दुसरी. तुझ्या आईनं विचारलं ते बरोबर आहे, पण अर्धंच. आमच्या वेळी रस्त्यात माणसं होती. धुऱ्यावर कोणी निंदत आहे, कोणी गुरं चारत आहे, आणि प्रत्येकाला ही कोणाची पोरगी ते ठाऊक. तुझ्या सायकलवाल्याच्या दिवसांत तणनाशक आलं होतं, निंदणाच्या बाया कमी झाल्या होत्या, रस्ता ओस पडला होता. तिकडच्या रस्त्यावर कोणाचे डोळे आहेत ते आधी बघ. दुकानदार कोण, बसचालक कोण, खिडकीत कोण म्हातारी बसते. त्यांना पोरगी दाखवून ये. आपण नव्या गावी बदलून गेलो की हेच करायचो.

शेवटी तो सुधारलेला देश आहे, मुलींची किंमत त्यांना आपल्या आधी कळली.

वर्धेकाठची

सगळ्यांचे आभार. रात्री जिन्यावर बसून वाचलं, डास फोडत.

गुरुजी, तुमचं डोळ्यांचं बोलणं मनात बसलं. आमच्या वाटेवर एक बेकरी आहे आणि एक आजोबा बाल्कनीत रोज पाइप ओढत बसतात. आजवर त्यांना नुसतं 'नमस्कार' म्हटलंय, आता पोरगी घेऊन वर जाईन.

पण शेवटच्या वाक्याबद्दल एक गंमत सांगते. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मतदानाचा हक्क मिळाला १९७१ साली. आमच्या फिस्पहून जवळच, रारोनच्या वर डोंगरात उंटरबेख नावाचं खेडं आहे. तिथल्या बायकांनी ३ मार्च १९५७ ला, कायद्यात हक्क नसताना, पुरुषांसोबत मत टाकलं. पहिलं मत सरपंचाच्या बायकोनं टाकलं, काथारिना त्सेनहॉयझर्न यांनी. त्यांची मतं वेगळ्या पेटीत ठेवली आणि धरली नाहीत. आम्ही केबल कारनं तिथं गेलो होतो. मी हे आईला सांगितलं तर म्हणाली, "माह्या सासूनं तं बावन सालीच शिक्का मारला."

रिटायर मास्तर, कारंजा (घाडगे)

चूक कबूल. मात्र आईंना सांग, १९५२ ला शिक्का नव्हता. प्रत्येक उमेदवाराची त्याच्या चिन्हाची वेगळी पेटी असे, मतपत्रिका नुसती त्या पेटीत टाकायची. आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो.

वर्धेकाठची

दहा दिवसांनी येतेय. घडलेलं सांगा म्हटलं होतं, तर आता माझंच सांगते.

थोरली शाळेत बसायला लागली. पहिल्या दिवशी रडली, कारण तिनं सवयीनं वर्गाबाहेर बूट काढून आत घालायच्या सपाता शोधल्या. तिकडं प्रत्येक पोराच्या सपाता शाळेत असतात. इथं सगळे अनवाणी. दुसऱ्या दिवशी तीही अनवाणी गेली, तिसऱ्या दिवशी पायात बाभळीचा काटा. आईनं सुईनं काढला. "माय वं" असं तिच्या तोंडून निघालं, मी शिकवलं नव्हतं.

मोर्शीच्या आजी, तुमची कोंबडी आमच्याकडे गायीच्या रूपात आली. बाबांना पटाचा फार नाद, पूर्वी त्यांची जोडी शंकरपटात पळायची. थोरलीनं त्यांना सांगायला घेतलं की आमच्याकडे गायी लढतात. बाबांना वाटलं पोरगी बैलाला गाय म्हणतेय. ती हट्टाला पेटली. रारोनला आम्ही बघितलं होतं ते सगळं तिला सांगायचं होतं आणि शब्द मिळेनात. मग बाबा पुरवत गेले. डोक्यावर दोन बोटं धरली की "शिंग". दोन मुठी एकमेकींवर आपटल्या की "झुंज". तिकडच्या एरिंगर जातीच्या काळ्या-तांबड्या गायी आपणहून डोकी लावतात, माणूस त्यांना लढायला भाग पाडत नाही, शिंगांची टोकं आधी बोथट केलेली असतात. जी हटत नाही ती 'राणी', आणि उन्हाळ्यात वर कुरणात कळप तिच्या मागं चालतो. बाबा ऐकत राहिले. मग विचारलं, "दूध किती देते?" थोरलीला माहीत नव्हतं. मलाही नाही. नवऱ्याला फोन लावून विचारायला सांगितलंय, त्यानं कचेरीत एकाला विचारलं तर तो माणूस पाऊण तास बोलला आणि दुधाचं शेवटपर्यंत सांगितलंच नाही.

सप्टेंबरात त्या गायी फुलं आणि मोठ्या घंटा घालून डोंगरावरून खाली येतात, तेव्हा थोरली गेल्या वर्षी ओरडली होती, "पोळा!" बाबांना ते आवडलं. आता त्यांनी तिच्यासाठी सुताराकडून लाकडी नंदी करून घेतलाय, तान्ह्या पोळ्याचा. चाकं आहेत त्याला. विमानात कसा न्यायचा बघू.

आता रस्त्याचं. परवा आईला गूळ हवा होता. दुकान मारुतीच्या पारापलीकडे, दोनशे पावलं असेल. आई थोरलीला म्हणाली, "जाजो, दहा रुपयाचा गूळ आनजो." मी म्हटलं मी जाते. आईनं माझ्याकडे पाहिलं फक्त.

पोरगी आत गेली आणि बॅगेच्या तळातून तो चमकणारा पट्टा काढून गळ्यात घालून आली. मी तो बॅगेत भरला नव्हता, तिनंच आणला होता. शेजारचा काका म्हणाला, "का वं, लाइनमन झाली का?" ती निघाली. मी परसातून वळसा घालून पाराच्या मागं जाऊन उभी राहिले. अकोटच्या ताई, तुम्ही झुडपात होतात, मी मारुतीच्या मागं.

चौकात एक ट्रॅक्टर येत होता, मागं खताची पोती. पोरगी कडेला थांबली. ट्रॅक्टरवाल्यानं तिला बघून वेग कमी केला आणि हात केला, "जाय वं माय." ती जागची हलली नाही. त्यानं पुन्हा हात केला. तिनं बोटानं चाकाकडे दाखवलं. चाक हळूहळू फिरत होतं. त्यानं वाकून चाकाकडे बघितलं, त्याला वाटलं पंक्चर. ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं, खाली उतरला. चाक थांबलं तशी ती डावीकडे बघून, उजवीकडे बघून, कान देऊन, शांतपणे रस्ता ओलांडून गेली. तो बिचारा टायरला लाथा मारून बघत होता.

गूळ आणला. दुकानदाराला 'मेर्सी', म्हणजे तिकडचं धन्यवाद, म्हणाली म्हणे, त्यानं मिरची समजून दोन हिरव्या मिरच्या वर टाकून दिल्या.

मी तिच्या आधी पळत घरी पोचले होते. आईनं विचारलं, "तू कुठं गेली होती वं?" मी म्हटलं, सांबार (कोथिंबीर) तोडाले. आईनं माझ्या हातांकडे पाहिलं. हातात सांबार नव्हता.